'इनसाइड एज' आणि एका चेंडूची किंमत

क्रिकेटच्या खेळांत एक क्षण असा येतो कीं, त्यांतलें खरें काय हें मैदानावर केवळ एकाच माणसाला ठाऊक असतें. चेंडू बॅटीच्या आंतल्या कडेला निसटता स्पर्श करून फलंदाजाच्या पॅडवर आदळतो. गोलंदाज हात उंचावून पंचाकडे वळतो, यष्टिरक्षक ओरडतो, स्लिपमधले गडी ओरडतात आणि हजारों प्रेक्षक त्यांच्या सुरांत आपला सूर मिसळतात. फलंदाज पायचीत झाला कीं नाहीं ह्याचा निर्णय पंचानें द्यावयाचा. परंतु चेंडू आधीं लांकडाला लागला होता कीं नाहीं, हें फलंदाजाच्या मनगटाला केव्हांच कळून चुकलेलें असतें. अलीकडे यंत्रें आलीं आहेत. बॅटीचा बारीकसा आवाजहि तीं टिपतात, पडद्यावर त्याची रेघ काढून दाखवितात, आणि पंचाला प्रसंगीं आपला निर्णय फिरवावा लागतो. पण ज्या गोष्टीचा आवाजच होत नाहीं, ती टिपणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. फलंदाजानें चेंडू चुकून कडेला लावला कीं ठरवून, हें सांगणारी रेघ कोणत्याहि पडद्यावर उमटत नाहीं.

बॅटीच्या ह्या आंतल्या कडेला इंग्रजींत 'इनसाइड एज' म्हणतात, आणि आंतल्या गोटांतल्या माणसाला मिळणारा फायदा असाहि अर्थ त्या शब्दांतून काढतां येतो. हे दोन्ही अर्थ मनांत धरूनच करण अंशुमान ह्यांनीं आपल्या हिंदी मालिकेला हें नांव दिलें असावें. एक्सेल एंटरटेनमेंट ह्या चित्रसंस्थेनें निर्माण केलेली ही मालिका १० जुलै २०१७ रोजीं अॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली. त्या कंपनीनें भारतांत करवून घेतलेली ही पहिलीच मालिका. आकाशवाणीवरील नाटकाप्रमाणें ती ठरलेल्या वारीं, ठरलेल्या घटकेला लागत नाहीं. दहाहि भाग इंटरनेटवर एकदम ठेवलेले असतात आणि वर्गणी भरणाऱ्यानें ते आपल्या सवडीनें, घरांत निजानीज झाल्यावर, पाहावयाचे असतात. निजानीज झाल्यावर हे शब्द येथें मुद्दाम घातले आहेत. मालिकेंत शिव्यांचा, मद्याचा आणि शृंगाराचा इतका सुकाळ आहे कीं, आजोबा व नातू ह्यांनीं एका बैठकीवर बसून ती पाहणें उभयतांनाहि अवघड जावें. हा दोष आहे, आणि वास्तवाच्या नांवाखालीं तो झांकतां येण्यासारखा नाहीं. खेळाडू आपसांत शिव्या देत नाहींत असें नव्हे. पण दर वाक्याला शिवी येऊं लागली म्हणजे तिचा तिखटपणा जातो, आणि जेथें ती खरोखर झोंबावयास हवी तेथें ती झोंबत नाहीं. एवढें सांगून पुढें जावें हें बरें.

कथानक काल्पनिक आहे. 'पॉवरप्ले लीग' ही वीस षटकांच्या सामन्यांची एक श्रीमंत स्पर्धा, आणि तींतला 'मुंबई मॅव्हरिक्स' हा एक संघ. उतरती कळा लागलेली सिनेनटी झरीना मलिक ही ह्या संघाच्या मालकांपैकीं एक; तिची भूमिका रिचा चढ्ढा ह्यांनीं केली आहे. संघाला पैशाची चणचण भासते आणि विक्रांत धवन नांवाचा धनिक भागीदार म्हणून आंत शिरतो. गोड बोलणाऱ्या, थंड डोळ्यांच्या ह्या माणसाचें काम विवेक ओबेरॉय ह्यांनीं केलें आहे. ह्या विक्रांताला संघाच्या जिंकण्यांत रस नाहीं आणि हरण्यांतहि नाहीं. केव्हां काय होणार हें आपणांस इतरांच्या आधीं कळावें, एवढ्यांतच त्याला रस आहे. त्याच्याभोंवतीं मग संघांतलीं माणसें उभीं केलीं आहेत. सरळमार्गी कप्तान अरविंद वशिष्ठ, तडाखेबंद पण डोकें ताब्यांत नसलेला फलंदाज वायु राघवन, त्याची आंकडेतज्ज्ञ बहीण रोहिणी, प्रशिक्षक निरंजन सुरी, सट्टेबाजांच्या पाशांत अडकलेला फिरकी गोलंदाज देवेंदर मिश्रा, आणि खालच्या मानलेल्या जातींतून वर आलेला पोरसवदा वेगवान गोलंदाज प्रशांत कनौजिया. शेवटचीं ही दोन पात्रें लक्षांत ठेवावीं. त्यांच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

इंडियन प्रीमियर लीग १८ एप्रिल २००८ रोजीं सुरू झाली, आणि ज्यांनीं तिचे सामने पाहिले आहेत त्यांना मालिकेंतलीं माणसें ओळखीचीं वाटल्यावांचून राहणार नाहींत. सिनेनटी, उद्योगपति, नाचणाऱ्या मुली, मध्यरात्रीच्या मेजवान्या, हें सारें तेथलेंच आहे. तथापि मालिकेचें मोल ह्या साम्यांत नाहीं. मोल आहे तें हें कीं, चेंडू विकला जातो म्हणजे नेमकें काय होतें, हें ती सामान्य प्रेक्षकाला उलगडून दाखविते.

सट्टेबाज सामन्याच्या अखेरच्या निकालावरच पैसे लावून घेतो, अशी पुष्कळ घरंदाज माणसांची समजूत असते. तसें असतें तर सामना विकत घेणें फार कठीण झालें असतें. अकरा माणसांपैकीं निदान पांचसहा तरी वश करावीं लागलीं असतीं, आणि पांचसहा माणसांच्या पोटांत गुपित टिकत नाहीं. पण वीस षटकांच्या सामन्यांत एका डावाला १२० चेंडू असतात, दोन्ही डाव मिळून २४०, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पैसा लागत असतो. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील? अमुक षटकांत दहांहून अधिक निघतील काय? ह्या प्रश्नांची उत्तरें बदलण्यासाठीं संघ लागत नाहीं, एक माणूस पुरतो. त्यानें सामना हरावयास नको, किंबहुना त्यानें संघाला जिंकून द्यावें, टाळ्या घ्याव्या. मधल्या एका षटकांत चार चेंडू किंचित् आंखूड टाकले म्हणजे झालें. घरीं बसलेला रसिक म्हणतो, "आज ह्याचा हात बसत नाहीं." आणि तेवढ्या अवधींत कोठें तरी कोणाचें तरी घर बुडतें, कोणाचें तरी भरतें.

हें केवळ कल्पनेंतलें नव्हे. ऑगस्ट २०१० मध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर पाकिस्तान व इंग्लंड ह्यांची कसोटी चालू असतांना लंडनच्या एका साप्ताहिक वृत्तपत्राच्या बातमीदारानें सट्टेबाजाचें सोंग घेऊन पाकिस्तानी खेळाडूंच्या एका दलालाला दीड लाख पौंड मोजून दिले. दलालानें त्याला आदल्या दिवशींच सांगून टाकलें कीं, तिसऱ्या षटकाचा पहिला चेंडू मोहम्मद आमिर नो-बॉल टाकील आणि दहाव्या षटकाचा शेवटचा मोहम्मद आसिफ. तसेंच घडलें. ह्या नो-बॉलांवर कोणी मोठा पैसा लावावयाचा होता असें नव्हे. धान्याच्या बाजारांत पोत्यांतलें मूठभर दाणे वानगीदाखल गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतात, त्यांतलाच तो प्रकार होता: पाहा, माझा माल असा आहे, मीं सांगितल्या चेंडूला सांगितली गोष्ट होते. नोव्हेंबर २०११ मध्यें लंडनच्या न्यायालयानें कप्तान सलमान बट ह्याला तीस महिन्यांची, आसिफला एक वर्षाची आणि आमिरला सहा महिन्यांची शिक्षा दिली. दलालालाहि तुरुंगवास झाला. गुन्ह्याच्या वेळीं आमिर अठरा वर्षांचा होता. ज्या वृत्तपत्रानें हें उघडकीस आणलें, तें लोकांचे दूरध्वनि चोरून ऐकल्याच्या प्रकरणांत निकालापूर्वींच, जुलै २०११ मध्यें, बंद पडलें होतें. परंतु ती निराळी कथा आहे.

आपल्याकडे असा निकाल लागूं शकला नाहीं. १६ मे २०१३ रोजीं दिल्ली पोलिसांनीं इंडियन प्रीमियर लीगमधल्या एका संघाच्या तिघां खेळाडूंना मुंबईंत अटक केली. ठराविक षटकांत ठराविक धावा देण्याचा सौदा झाला होता आणि कमरेला टॉवेल खोंचणें ही त्याची खूण होती, असा पोलिसांचा आरोप होता. संघटित गुन्हेगारीसाठीं महाराष्ट्रानें केलेला कायदा दिल्लींत लागू असल्यामुळें तोहि त्यांना लावण्यांत आला. जुलै २०१५ मध्यें दिल्लीच्या न्यायालयानें तिघांनाहि आरोपांतून मोकळें केलें. क्रिकेट मंडळानें दिलेली शिक्षा मात्र वेगळी राहिली, आणि तिघांपैकीं एकाची जन्मभराची बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयानंतर सात वर्षांवर आली. त्याच २०१५ च्या जुलैमध्यें न्यायमूर्ति लोढा ह्यांच्या समितीनें चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स ह्या दोन संघांना दोन वर्षांसाठीं स्पर्धेबाहेर ठेवलें, कारण त्या संघांशीं निगडित असलेले वरचे लोकच सट्ट्यांत सांपडले होते. कायद्याची गंमत अशी कीं, जुगाराविरुद्धचा इंग्रजी अमदानींतला कायदा १८६७ चा, मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८८७ चा. तेव्हां पैज लावणारा गुन्हेगार ठरतो. पण ज्यानें पैसे घेऊन चेंडू वाईट टाकला, त्यानें नेमका कोणता गुन्हा केला, ह्याचें सरळ उत्तर ह्या जुन्या कायद्यांत नाहीं. २०२२ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें सामनानिश्चिती ही फसवणुकीच्या कलमांत बसत नाहीं असाच निर्णय दिला. श्रीलंकेनें मात्र २०१९ सालींच त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला होता. तिकीट काढून आलेला प्रेक्षक फसला हें शेंबडें पोरहि सांगेल. तो फसला हें कायद्याच्या भाषेंत मांडतां मांडतां मोठमोठ्या वकिलांना घाम फुटतो.

आतां मालिकेच्या एका मोठ्या उणिवेकडे वळावयाचें. विक्रांत धवन हा फार मोठा खलपुरुष रंगविला आहे. त्याचे कपडे, त्याचें मंद हास्य, त्याची मोटार, त्याचा निर्दयपणा, सर्व कांहीं भव्य आहे. नाटक म्हणून तें शोभतेंहि. परंतु अशा खलपुरुषाचा एक परिणाम असा होतो कीं, प्रेक्षक निश्चिंत होतो. दुष्टावा असा दिसतो, अशा स्वरांत बोलतो, अशा दालनांत राहतो, हें एकदां मनांत बसलें कीं शेजारच्या खोलींतला दुष्टावा ओळखूं येत नाहीं. प्रत्यक्षांत हा व्यवहार चालला तो पुष्कळदां सभ्य, लोकप्रिय आणि देवभीरू माणसाच्या तोंडून.

दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिए हें त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण. १९९६ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. दौऱ्याच्या अखेरीस मोहिंदर अमरनाथ ह्यांच्या मदतीसाठीं मुंबईंत एक सामना ठेवलेला होता. खेळाडू थकलेले, घरीं जाण्यास उतावीळ झालेले. सामन्याला फारसें महत्त्व नव्हतें. अशा वेळीं कप्तानानें संघाची बैठक बोलावली आणि सांगितलें कीं, हा सामना हरण्यासाठीं लक्षावधि डॉलर देऊं करण्यांत आले आहेत. आतां ह्या बैठकीचें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहावें. कोणी धमकी देत नाहीं, पिस्तूल नाहीं, विक्रांत धवन नाहीं. आपल्या कप्तानावर जीव टाकणारे तरुण खेळाडू बसलेले आहेत, आणि कप्तान विचारतो आहे, काय करावयाचें? कोणी हंसण्यावारी नेतो. कोणी हिशेब करतो कीं वांटणींत प्रत्येकाला किती येतील. कांहीं जण स्पष्ट नकार देतात, आणि अखेर त्या नकारामुळें प्रस्ताव फेंटाळला जातो. सामना झाला, संघ घरीं गेला. प्रश्न विचारणारा मनुष्य कप्तानपदावर तसाच राहिला, आणि पुढेंहि राहिला. मालिकेच्या तीस भागांत ह्या बैठकीच्या तोडीचा एक प्रसंग नाहीं. त्यांत आवाज चढत नाहीं, आणि म्हणूनच अंगावर कांटा येतो.

जानेवारी २००० मध्यें इंग्लंडविरुद्ध सेंच्युरियनच्या कसोटींत पावसानें तीन दिवस धुऊन नेले. सामना अनिर्णित राहणार हें ठरल्यासारखें असतांना क्रोनिएनें इंग्लंडच्या कप्तानापुढें प्रस्ताव ठेवला कीं, दोघांनींहि एकेक डाव सोडून द्यावा आणि निकालासाठीं खेळावें. इंग्लंडचा संघ दोन गडी राखून जिंकला. प्रेक्षकांसाठीं कप्तानानें केवढें धाडस केलें म्हणून कित्येकांनीं त्याचें कौतुक केलें. पुढें बाहेर आलें कीं, निकाल लागावा म्हणून एका सट्टेबाजानें त्याला गळ घातली होती, आणि त्याबद्दल त्याला ५३,००० रँड आणि एक चामड्याचें जाकीट मिळालें होतें. तेथें पराभव विकला गेला नाहीं. विकलें गेलें तें औदार्य. चामड्याच्या जाकिटाचा तपशील कोणा लेखकानें कादंबरींत घातला असता तर टीकाकार म्हणाले असते कीं, एवढ्या मोठ्या माणसाला एवढी क्षुद्र लांच शोभत नाहीं.

त्यानंतर दोनच महिन्यांनीं, १९ मार्च २००० रोजीं, नागपूरच्या मैदानावर भारताविरुद्ध एक दिवसाचा सामना होता. सामन्यापूर्वीं क्रोनिए आपल्या संघांतल्या दोघांकडे गेला. हर्शेल गिब्ज ह्यानें वीसच्या आंत बाद व्हावें आणि हेन्री विल्यम्स ह्यानें आपल्या षटकांत पन्नासांहून अधिक धावा द्याव्या. प्रत्येकीं १५,००० डॉलर मिळतील. दोघेहि हो म्हणाले. संघांत इतके खेळाडू असतांना ह्या दोघांनाच कां विचारलें, हा प्रश्न त्या वेळीं दक्षिण आफ्रिकेंत फार झोंबला, कारण हे दोघेहि गोऱ्या वर्णाचे नव्हते. वर्णभेदाचा काळ नुकताच सरला होता. त्या देशाच्या संघांत अशा खेळाडूंचें स्थान नवें होतें, अजून डळमळीत होतें. कप्तान गोरा होता, प्रतिष्ठित होता, आणि संघांत राहणें न राहणें बव्हंशीं त्याच्या शब्दावर अवलंबून होतें. अशा माणसाला नाहीं म्हणणें सोपें नसतें. लांच देणारा सर्वांत लोभी माणूस शोधतो, अशी समजूत आहे. वस्तुतः तो शोधतो तो ज्याला नाहीं म्हणतां येणार नाहीं असा माणूस. लॉर्ड्सवर अठरा वर्षांच्या पोराला आपल्याच कप्तानाची आज्ञा मोडणें जितकें कठीण, तितकेंच हें.

येथें 'इनसाइड एज'मधल्या त्या दोन पात्रांकडे परत यावें. देवेंदर मिश्रा हा उच्च जातीचा. प्रशांत कनौजियाला तो जातीवरून हिणवितो, छळतो, सर्वांदेखत त्याचा पाणउतारा करतो. दोघांच्या अंगांत एकाच संघाचा पोषाख आहे, दोघे एकाच बसमधून मैदानावर जातात, आणि तरीहि त्यांच्यामध्यें गांवच्या वेशीएवढें अंतर आहे. सिद्धांत चतुर्वेदी ह्यांनीं हा प्रशांत फार संयमानें उभा केला आहे. तो बोलतो थोडें. अपमान गिळतांना त्याची मान जी किंचित् वळते तींत सगळें येतें. अमित सियाल ह्यांचा मिश्राहि केवळ दुष्ट नाहीं, भेदरलेला आहे, आणि भेदरलेला माणूस आपल्याहून दुबळ्या माणसावर उलटतो हें जगांत जागोजाग दिसतें. संघाच्या आंत अशी एक उतरंड असते, आणि सट्टेबाजाचा हात ह्या उतरंडींतल्या फटींतूनच आंत जातो, ही गोष्ट ह्या उपकथानकानें जितकी पटविली आहे तितकी विक्रांत धवनाच्या शंभर भाषणांनीं पटत नाहीं.

मराठी श्रोत्यांना येथें पालवणकर बाळू आठवल्यावांचून राहणार नाहीं. चांभार कुळांत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबांत मैदानाचें काम करतां करतां साहेबांना गोलंदाजी टाकीत तयार झाला. हिंदूंच्या संघाला त्याच्या चेंडूंवांचून जिंकतां येत नव्हतें म्हणून त्यांनीं त्याला संघांत घेतलें. पण चहाच्या वेळीं त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांतून चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीहि हिंदू संघाचें कप्तानपद त्याला कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याचा भाऊ विठ्ठल ह्याला मिळालें, तेंहि मोठ्या वादानंतर. बाळूला कोणी विकत घेतलें नाहीं, हा त्याचा मोठेपणा. परंतु ज्या संघांत आपला चेंडू हवा आणि आपला पेला नको, त्या संघासाठीं जीव ओतून खेळण्यास मनाचें किती बळ लागत असेल, ह्याचा विचार प्रशांत कनौजियाला पाहतांना पुन्हा पुन्हा मनांत येतो.

पुढील दोन पर्वांविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. ६ डिसेंबर २०१९ रोजीं आलेल्या दुसऱ्या पर्वांत वशिष्ठ मुंबई सोडून हरियाना हरिकेन्स ह्या संघाचा कप्तान होतो, वायु मॅव्हरिक्सचा कप्तान होतो, आणि क्रिकेट मंडळाचा कर्ताकरविता 'भाईसाहेब' यशवर्धन पाटील रंगभूमीच्या मध्यभागीं येतो. आमिर बशीर ह्यांनीं हें काम चांगलें केलें आहे, पण सूत्रांवर सूत्रें आणि कटांवर कट इतके चढत जातात कीं मूळचा चेंडू दिसेनासा होतो. ३ डिसेंबर २०२१ रोजींच्या तिसऱ्या पर्वांत भारत-पाकिस्तान कसोटी मालिका आहे. पहिल्या पर्वाला २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिकासाठीं नामनिर्देश मिळाला होता. पारितोषिक स्पेनच्या मालिकेनें नेलें. तो मान पहिल्या पर्वाचा होता आणि त्याच्यापुरताच योग्य होता.

मालिकेंत दाखविलेल्या सामन्यांविषयीं मात्र एक विलक्षण गोष्ट आहे, आणि ती निर्मात्यांच्या लक्षांत आली असेल कीं नाहीं कोण जाणे. नाटकांतला क्रिकेटचा सामना हा स्वभावतःच ठरवून खेळलेला सामना असतो. कोणत्या चेंडूवर षटकार जाणार, कोण झेल सोडणार, हें सर्व लेखकानें आधीं कागदावर लिहिलेलें असतें. प्रेक्षकाला हें पक्कें माहीत असतें. तरीहि शेवटच्या षटकांत त्याचा श्वास अडकतो, तो खुर्चींतून पुढें सरकतो. मग खऱ्या मैदानावरचा ठरवून खेळलेला सामना इतका जिव्हारीं कां लागावा? कारण नाटकगृहांत शिरतांना आपण फसवून घेण्याचा करार करून शिरतों. मैदानावर तसा करार नसतो. मैदानावर माणूस जातो तो पुढचा चेंडू जगांत कोणालाहि ठाऊक नाहीं ह्या एका भरंवशावर. हा भरंवसा गेला कीं त्याचा सूड मागील आठवणींवरहि उगवतो. ज्या खेळीच्या आठवणीनें वीस वर्षें आनंद दिला, तिच्याकडेहि संशयानें पाहावेंसें वाटतें. सुटलेला झेल हा नुसता सुटलेला झेल राहत नाहीं. ज्यांचे हात खरोखरच चुकले, त्या प्रामाणिक खेळाडूंवर ह्यांत जो अन्याय होतो त्याची दाद कोणत्याहि समितीकडे लागत नाहीं. घरीं नातवाबरोबर सामना पाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुष्कळदां आडवा येतो. पोर नाचत असतें, "आजोबा, पाहिलंत?" आणि आजोबांच्या मनांत क्षणभर पाल चुकचुकते. ती चुकचुक त्या पोराला ऐकूं जाऊं नये म्हणून टाळी जरा जोरानें वाजवावी लागते.

७ एप्रिल २००० रोजीं दिल्ली पोलिसांनीं क्रोनिएच्या दूरध्वनीवरील संभाषणाचा पुरावा जाहीर केला. त्यानें प्रथम सर्व नाकारलें, चार दिवसांनीं कबूल केलें. पुढें न्यायमूर्ति किंग ह्यांच्या आयोगापुढें साऱ्या गोष्टी निघाल्या आणि त्याच्यावर जन्मभराची बंदी आली. १ जून २००२ रोजीं विमानाच्या अपघातांत त्याचा अंत झाला. तेव्हां तो बत्तीस वर्षांचा होता. गिब्ज आणि विल्यम्स ह्यांना सहा सहा महिने खेळण्यास बंदी झाली.

परंतु त्या दिवशीं नागपूरच्या मैदानावर काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. गिब्ज वीसच्या आंत बाद होण्यासाठीं मैदानांत उतरला. चेंडू बॅटीवर बरा येऊं लागला, आणि वीस धावा केव्हां मागें पडल्या हें त्याला कळलें नाहीं, किंवा कळूनहि त्याला थांबवेना. त्यानें ५३ चेंडूंत ७४ धावा काढल्या. संघाची धावसंख्या तीनशेंच्या पलीकडे गेली. विल्यम्सनें पन्नास धावा द्यावयाच्या होत्या. अकरा चेंडू टाकतांच त्याचा खांदा दुखावला आणि तो मैदान सोडून गेला. दक्षिण आफ्रिकेनें दहा धावांनीं सामना जिंकला. १५,००० डॉलर कोणालाच मिळाले नाहींत. नागपूरकर उन्हांत बसून गिब्जच्या एकेका फटक्याला टाळ्या देत होते, आणि आपण मोडत चाललेल्या एका सौद्याला टाळ्या देत आहों, ह्याची त्यांतल्या एकालाहि कल्पना नव्हती.